रेड हाऊस: आतून बाहेर बांधलेलं घर

आज एका विटांच्या घराची गोष्ट. लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ इथे 'रेड हाऊस' आहे. १८६० मध्ये विल्यम मॉरिस इथे राहायला आला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. आर्किटेक्ट फिलिप वेब २९ चा, आणि स्वतंत्रपणे घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम. म्हणजे साधारण आपल्याच वयाची पोरं!

त्या काळी इंग्लंडमध्ये बऱ्याच श्रीमंत घरांच्या विटा गुळगुळीत गिलाव्याखाली झाकलेल्या असायच्या. आत वीट, बाहेरून दगडाचा आव. वेबने लाल वीट उघडी ठेवली. वर उतरतं कौलारू छप्पर, उंच धुराडी. बस्स.

आता खिडक्या बघा. सगळ्या एका मापाच्या नाहीत. कुठे उंच, कुठे रुंद, वरच्या पॅसेजला तर छोट्या गोल. कारण वेबने आधी आतल्या खोल्या ठरवल्या, आणि ज्या खोलीला जशी हवी तशी खिडकी दिली. समोरून घर सममित दिसावं म्हणून खोटी खिडकी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, आधी लॉजिक, मग स्क्रीन. घराच्या दोन बाजू काटकोनात आहेत, आणि त्या कुशीत विहीर, तिच्यावर शंकूसारखं छप्पर.

घराला शोभेल असं फर्निचर बाजारात मिळेना, म्हणून मॉरिस आणि त्याचे मित्र स्वतःच बनवायला, रंगवायला लागले. त्यातूनच १८६१ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली.

पण एक गोम होती. मुख्य खोल्या उत्तरेकडे तोंड करून. इंग्लंडमध्ये उत्तरेच्या खोलीत ऊन जवळपास येतच नाही, त्यामुळे थंडी. त्यात लंडनला रोजची ये-जा, मॉरिसचं आजारपण. मित्र बर्न-जोन्सच्या कुटुंबासाठी घर वाढवायचा बेत होता, तोही फिसकटला. १८६५ मध्ये, जेमतेम पाच वर्षांत, मॉरिसने घर सोडलं.

मग हे घर फसलं का? मला नाही वाटत. वीट वीटच दिसू दे, खिडकी खोलीसाठी असू दे, हा विचार पुढच्या आर्किटेक्ट लोकांनी उचलला. पण प्रामाणिक डिझाइन म्हणजे आपोआप सोयीचं डिझाइन नव्हे. ऊन कुठून येतं आणि माणूस रोज कुठे जातो, हे प्रश्नसुद्धा पहिल्या दिवशीच विचारावे लागतात.

२००३ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिकडे राहत असाल तर एकदा बघून या, आणि आधी खिडक्या बघा. भेटू पुढच्या भागात!