घरी राऊटर बसवताना



तुम्ही आता वाचू लागला आहात. एसटीची पाटी वाचता, रेशनकार्ड वाचता, सही करण्याआधी कागद वाचता. आज आपण अशा एका वस्तूविषयी बोलू, जी पुष्कळ घरांत आली आहे; पण तिच्याबरोबर आलेला कागद मात्र कोणी वाचत नाही. ती वस्तू म्हणजे राऊटर.

आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले. ३४ वर्षे शाळेत काढली, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. तरी या एवढ्याशा पेटीने आम्हाला दोनदा धडा शिकवला.

आधी पेटीची ओळख करून घेऊ. काही गावांत टीव्हीच्या जाड, गोल तारेतूनच इंटरनेट येते. ती तार ज्या पेटीला पिळून बसवतात, तो मोडेम. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर, कालव्याचं पाणी शिवारापर्यंत आणतो तो मोडेम. आणि दारे धरून वाफ्यावाफ्याला पाणी देणारा गडी, तो राऊटर. मोडेम एक, राऊटर एक, पण फोन आणि संगणक घरात पाच-सहा असू शकतात.

२०२० च्या जूनमध्ये शाळा बंद होत्या. नातीचे वर्ग फोनवर भरत. केबलवाला मोडेम बसवून गेला. आम्ही आधी त्याला मुलाचा संगणक जोडला. इंटरनेट आलं. मग बाजारातून राऊटर आणला, संगणकाची तार काढून राऊटरला लावली. दिवे लागले, पण इंटरनेट नाही! दोन तास खटपट केली. दुकानदाराला फोनवर रागावलोसुद्धा. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, खोक्यातला कागद वाचला का?"

कागदावर पहिलीच ओळ होती : आधी मोडेमची वीज बंद करा. जन्मभर आम्ही मुलांना सांगत आलो, प्रश्न नीट वाचा. आणि आम्हीच वाचला नव्हता!

याचं कारण असं. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून १२ खुणांचा एक क्रमांक मिळालेला असतो. पुष्कळ मोडेम पहिल्याने ज्या यंत्राचा क्रमांक पाहतात, त्याच्याशीच बोलतात. दुसरं यंत्र लावलं तर त्याला ओळखत नाहीत. वीज बंद करून पुन्हा सुरू केली, की जुनी ओळख विसरतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा. मोडेम बंद करा. मोडेमची तार राऊटरच्या वेगळ्या रंगाच्या, 'इंटरनेट' किंवा 'वॅन' लिहिलेल्या भोकात घाला. बाकीची भोकं घरातल्या यंत्रांसाठी असतात. मग मोडेम सुरू करा. त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-चार मिनिटे थांबा. त्यानंतरच राऊटर सुरू करा. एवढं करूनही चाललं नाही, तर कंपनीला फोन करा. काही कंपन्या यंत्राचा क्रमांक आपल्याकडे नोंदवून ठेवतात. नव्या राऊटरचा क्रमांक त्याच्या पाठीवर छापलेला असतो, तो वाचून सांगा.

राऊटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटात किंवा फ्रीजच्या मागे ठेवू नका.

आता दुसरा धडा. तो कडू आहे.

राऊटरला पासवर्ड लागतो. लक्षात राहावा म्हणून आम्ही १ ते ८ आकडे ओळीने ठेवले. गल्लीतल्या पोरांची शाळा बुडू नये म्हणून सर्वांना सांगितलाही. २०२१ च्या पावसाळ्यात पोलीस दारात आले. आमच्या जोडणीवरून एका बाईला घाणेरडे मजकूर गेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला घरातले निरनिराळे फोन दिसत नाहीत. एकच घर दिसतं. कंपनीच्या नोंदीत नाव आमचं होतं.

चौकशी झाली, आम्ही सुटलो. पण तो कोण, हे आजही कळलेलं नाही. त्यानंतर कित्येक महिने गल्लीतल्या प्रत्येक पोराकडे आम्ही संशयाने पाहत होतो. आमच्याच हाताखालून गेलेली पोरं ती! एकाने गुन्हा केला. पण दार उघडं टाकलं होतं आम्ही.

म्हणून सांगतो, राऊटरला दोन किल्ल्या असतात. एक वायफायची, दुसरी राऊटरच्या आतल्या व्यवस्थेची. या दुसरीचा पत्ता पेटीच्या पाठीवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा. तिचा कारखान्याचा पासवर्ड पुष्कळ राऊटरवर एकच असतो, आणि चोरांना तो पाठ असतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने असे कारखान्याचेच पासवर्ड वापरून लाखाच्या वर कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. मालकांना याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा दोन्ही किल्ल्या पहिल्याच दिवशी बदला. वायफायला निदान ८ अक्षरं लागतातच; तुम्ही १५-१६ ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घेऊन रोमन लिपीत लिहा. सुरक्षेच्या जागी 'डब्ल्यूपीए-३' निवडा. ते नसेल तर 'डब्ल्यूपीए-२'. पासवर्ड वहीत लिहून वही पेटीत ठेवा. भिंतीवर लिहू नका.

मग शेजाऱ्याला मदत करायचीच नाही का? करावी. आजही संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार-पाच पोरं अभ्यासाला बसतात. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवता येतं, ते आम्ही त्यांच्यासाठी उघडतो. ती उठली, की बंद करतो. आणि ती बसलेली असतात, तेव्हा आम्हीही ओट्यावरच बसतो.