उजवा इंडिकेटर म्हणजे नक्की काय?

गाडी चालवता चालवता कानात इअरफोन घालून हे ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. एपिसोड कुठं पळून जात नाही.

आज बाईकच्या इंडिकेटरबद्दल बोलायचंय. विषय फालतू वाटेल, पण गळीत हंगामात बारामती-इंदापूर भागात कधी बाईक चालवली असेल तर हे चित्र डोळ्यासमोर आणा. पालखी मार्ग चौपदरी झालाय, तिथं ठीक आहे. पण जंक्शनवरून वालचंदनगरकडं वळा, नाहीतर कुठल्याही फाट्यावरून आत शिरा. आतल्या बऱ्याच रस्त्यांवर दुभाजक नाही. पुढं उसाची डबल ट्रॉली, तुम्ही मागं. ऊस इतका बाहेर आलाय की समोरचं काहीच दिसत नाही. आणि ट्रॅक्टरवाल्यानं उजवा इंडिकेटर दिला.

आता याचा अर्थ काय? कायद्यानं अर्थ एकच, मी उजवीकडं वळतोय. पण रस्त्यावर विचारा. कुणी सांगेल, ‘अरे, साइड दिली त्यानं, काढ गाडी.’ दुसरा म्हणेल, ‘थांब, समोरून गाडी येतेय.’ म्हणजे दिवा एक, अर्थ तीन, आणि त्यातले दोन एकमेकांच्या बरोब्बर उलटे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पाठवणारा आणि घेणारा यांनी एकाच मेसेजचे वेगळे अर्थ लावले तर आमच्याकडं सिस्टिम बंद पडते. इथं माणूस जातो. कारण ‘साइड दिली’ समजून तुम्ही उजवीकडून निघालात आणि ट्रॉली खरंच कारखान्याच्या गेटकडं वळली, तर तुम्हाला जायला जागाच उरत नाही.

गंमत बघा, ‘मला ओव्हरटेक कर’ हे सांगायला नियमांनी वेगळी खूण दिली होती. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्ये लिहिलं होतं, उजवा हात बाहेर आडवा काढायचा आणि मागं-पुढं अर्धवर्तुळात हलवायचा. आपले जुने एसटी ड्रायव्हर हात बाहेर काढायचे ना, तसाच. ते काम इंडिकेटरचं कधीच नव्हतं. आपण ते त्याच्या गळ्यात मारलं. त्यामुळं माझा नियम सरळ आहे: पुढच्याचा उजवा इंडिकेटर दिसला की तो वळणारच असं धरून मागं राहायचं. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

आता आपल्या स्वतःच्या गाडीकडं येऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२१: वळताना, थांबताना ठरलेला इशारा द्यायलाच पाहिजे. त्या कलमाला स्वतःचा वेगळा दंड नाही, म्हणून कलम १७७ लागतं. पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. दिवा कसा असावा हेही केंद्रीय नियमांमध्ये आहे. रंग पिवळसर नारिंगी आणि उघडझाप मिनिटाला ६० ते १२०.

हा ६० ते १२० चा आकडा लक्षात ठेवा. बरेच जण बाजारातून बारीक एलईडी इंडिकेटर आणून बसवतात आणि मग ते वेड्यासारखे फडफडतात. कारण सोपं आहे. मूळ बल्ब साधारण १० वॅटचा, एलईडी एक-दोन वॅटची. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर बल्बच्या लोडवर चालतो. लोड कमी झाला की त्याच्या हिशोबात एक बल्ब उडाला, आणि तो वेगानं टिकटिक करून तुम्हाला तेच सांगत असतो. आपण त्याला स्टाइल समजतो! एलईडी लावायचीच असेल तर मेकॅनिककडून एलईडीला चालणारा फ्लॅशर बदलून घ्या. आणि मागचं मडगार्ड कापून इंडिकेटरच काढून टाकणाऱ्या भावांनो, बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

दुसरी भानगड म्हणजे चालू राहिलेला इंडिकेटर. कारमध्ये स्टिअरिंग सरळ झालं की तो आपोआप बंद होतो. बाईक वळते ती मुख्यतः झुकून, हँडल फारसं फिरतच नाही, म्हणून ती युक्ती इथं चालत नाही. यामाहानं १९७० च्या दशकातच काही मॉडेलना वेळ आणि अंतर मोजून बंद होणारे इंडिकेटर दिले होते, पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर आजही अंगठ्यानंच बटण दाबावं लागतं. गावाकडं काही जण बझर बसवतात. कर्कश वाटतो, पण मला तो आवडतो.

शेवटचं, वस्तीकडं उजवीकडं वळताना. मागचा ६० च्या स्पीडला असेल तर तीन सेकंदात ५० मीटर येतो. म्हणून हँडल वळवताना इंडिकेटर देण्यात काही अर्थ नाही. आधी आरसा, मग इंडिकेटर, पाच टिकटिक मोजा, मान वळवून मागं बघा, आणि मगच रस्त्याच्या मध्याकडं सरका. मागं ट्रॅक्टर किंवा डंपर जवळ असेल तर सरळ डावीकडं थांबा, त्याला जाऊ द्या. उन्हात इंडिकेटर दिसत नाही असं वाटलं, तर सोबत हातही दाखवा.

तुमच्या गावात उजव्या इंडिकेटरचा अर्थ काय लावतात, व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ट्रॉलीच्या मागच्या रिफ्लेक्टरवर बोलू.