कांद्याच्या सालीतला लाल रंग

ग्रीसमध्ये ईस्टरची अंडी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी रंगवतात आणि ती प्रामुख्याने लाल. रंगाच्या पुड्या सहज मिळत असूनही कांद्याची सालं वापरणारी घरं तिथे आजही आहेत. हा नुसता जुन्याचा हट्ट नव्हे. अंड्याचं कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं. सालं उकळलेल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की कवचावर बारीक बुडबुडे येतात, पृष्ठभाग किंचित झिजतो आणि रंग नीट धरतो. पांढरं अंडं आधी केशरी, मग विटकरी, शेवटी गडद तांबडं होतं. लाल कोबीचं पाणी जांभळं, पण त्यातून अंडं निघतं निळं. कोबीतलं अँथोसायनिन अल्कधर्मी कवचावर रंग पालटतं.

वेळ फार लागतो, रंग सारखा बसत नाही, ही तक्रार खरी आहे. कोबीच्या पाण्यात अंडी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. पण सुबक नक्षीही याच साध्या पाण्यात होते: कोथिंबिरीसारखं पान अंड्यावर चिकटवून पातळ मोज्यात घट्ट बांधलं, की पानाची फिकी आकृती उमटते. वनस्पतीचा प्रत्येक रंग निर्धोक असतो, असं मात्र मुळीच नाही. अंडी खायची असतील, तर खाण्यातल्याच वनस्पती वापरा, रंगवलेली अंडी फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.