कावळा, फांदी आणि काय-वर्ग
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान, किंचित संक्षेपाने)



या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि इतिहास यांवरची अनेक व्याख्याने मी तुमच्याच शेजारी बसून ऐकली आहेत. आज येथे गणिताचा मास्तर उभा केला आहे, तेव्हा काही श्रोते मनातल्या मनात घरची वाट धरतील याची मला कल्पना आहे. त्यांना एवढेच सांगतो की, आजच्या विषयाला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काहीही लागत नाही. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी जे पंचवीसएक वर्षे शिकवले, प्रथम धारला आणि नंतर देवासला, तेच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

विषयाचे नाव ‘काय-वर्ग कसोटी’. ‘काय’ हे एका ग्रीक अक्षराचे नाव. पण मराठी मुलांपुढे फळ्यावर हे नाव लिहिले की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येई, ‘काय वर्ग, सर?’ मी म्हणे, ‘हाच या कसोटीचा प्रश्न आहे. समोर जे दिसते आहे ते खरोखर काय आहे?’

आपल्याकडे म्हणच आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असे होत नाही, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. संस्कृत पंडितांनी त्यालाच काकतालीय न्याय म्हटले. परंतु म्हण अर्ध्यावर थांबते. कावळा शंभर वेळा बसला आणि साठ वेळा फांदी मोडली, तर ती योगायोगाचीच गाठ म्हणायची का? कितव्या फांदीला आपण कावळ्याकडे संशयाने पाहावे? या प्रश्नाचे व्यवस्थित उत्तर कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाने १९०० साली दिले. तीच ही कसोटी.

उदाहरण आपल्याच गावाचे घेऊ. देवास हे एका गावात दोन राज्ये नांदवणारे नगर. थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तरी जुन्या मंडळींच्या बोलण्यातून पात्या गेल्या नाहीत. आता कल्पना करा, ग्रंथालयाचे शंभर वाचक आहेत. साठ थोरल्या पातीचे, चाळीस धाकटीचे. त्यांपैकी पन्नास जण कादंबऱ्या नेतात आणि पन्नास जण इतर पुस्तके. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, कोणी मनाला लावून घेऊ नये.

आवडीचा आणि पातीचा काही संबंध नाही असे क्षणभर गृहीत धरू. मग एकंदर वाचकांत कादंबरीवाले निम्मे आहेत, म्हणून दोन्ही पात्यांतही ते निम्मेच असावेत. थोरलीत ३० आणि धाकटीत २०. या झाल्या अपेक्षित संख्या. प्रत्यक्ष वही उघडली तर थोरलीत ३६ आणि धाकटीत १४ निघाले. अपेक्षेपेक्षा सहाचा फरक. तो नुसता योगायोग, की खरोखरच आवडीत भेद?

चार खणांचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक खणात फरक सहाचाच आहे. दोन खणांत अधिक सहा, दोन खणांत उणे सहा. त्यांची बेरीज केली तर शून्य येते आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, म्हणजे उणे चिन्ह जाते. येतात ३६. पण सहाचा फरक वीसमध्ये पडला तर मोठा, दोन हजारांत पडला तर किरकोळ. म्हणून तो वर्ग त्या त्या खणातील अपेक्षित संख्येने भागायचा. तीसच्या दोन खणांतून १.२ आणि १.२, वीसच्या दोन खणांतून १.८ आणि १.८. बेरीज सहा. हा झाला काय-वर्ग.

सहा म्हणजे फार की थोडे? चार खणांच्या तक्त्यात केवळ योगायोगाने ३.८४ पेक्षा मोठी बेरीज शंभरांत सुमारे पाच वेळाच येते, आणि ६.६३ पेक्षा मोठी शंभरांत एकदाच. आपली बेरीज या दोहोंच्या मध्ये पडली. तेव्हा संशयाला जागा आहे, पण शपथ घेण्याइतकी नाही.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. चार खण असले तरी मोकळा खण एकच असतो. उभ्या-आडव्या बेरजा ठरल्या की एका खणात आकडा भरताच बाकीचे तीन आपोआप भरले जातात. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. यालाच स्वातंत्र्याची मात्रा म्हणतात. खुद्द पिअर्सनने अशा तक्त्यासाठी ती तीन धरली होती. १९२२ साली रोनाल्ड फिशरने ती एकच असल्याचे दाखवले, आणि त्यावरून दोघांत चांगलीच जुंपली. शोध लावणाऱ्याचाही हिशेब चुकतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांनी घाबरू नये, असे मी त्यांना सांगत असे.

आता समजुतीचे आकडे बाजूला ठेवून खऱ्या आकड्यांकडे येतो.

आमच्या आजीच्या तोंडी प्लेगच्या सालांच्या आठवणी असत. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, माळावर झोपड्या घालायच्या, घराला कुलूप. टोचण्याचा विषय निघाला की ती म्हणे, ‘टोचून घेतलेलाही गेला आणि न घेतलेलाही गेला. ज्याची दोरी बळकट तो राहिला.’ लहानपणी मला हे वाक्य निरुत्तर करणारे वाटे. त्याचे उत्तर पुढे मला एका तक्त्यात सापडले.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना ती देण्यात आली. परिणाम उत्साहवर्धक होता, पण तेथे लस घेणारे स्वेच्छेने पुढे आलेले कैदी होते. पुढे येणारा आणि मागे राहणारा हे प्रकृतीने सारखेच असतील असे कसे धरावे? १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी त्यांनी अधिक सावध रीत वापरली. प्रत्येक कुटुंबातील माणसांचे शक्य तितके समसमान दोन भाग केले. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच.

त्या गावातील २८ कुटुंबांची नोंद अशी. टोचलेले ७१, त्यांपैकी ३ दगावले. न टोचलेले ६४, त्यांपैकी २६ दगावले.

आता हा तक्ता आपल्या रीतीने सोडवू. एकूण माणसे १३५, मृत्यू २९. लशीचा काहीच उपयोग नसता, तर टोचलेल्यांत सुमारे १५ आणि न टोचलेल्यांत सुमारे १४ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ३ आणि २६. चारही खणांचा हिशेब केला की काय-वर्ग सुमारे २६.४ येतो. ३.८४ कोठे आणि २६ कोठे! ही कावळ्याची गाठ नव्हे, हे कोणीही मान्य करील.

आणि तरीही आजीचे वाक्य खोटे नव्हते. उंढेऱ्यात टोचलेली तीन माणसे गेलीच; न टोचलेली अडतीस राहिली. ज्याने केवळ ती तीन घरे पाहिली, त्याला सुई व्यर्थच वाटली असणार. आपले दुःख आपल्याला एकाच खणातून जग दाखवते. काय-वर्ग आपल्याला चारही खण एकदम पाहायला लावतो. त्याने दुःख कमी होत नाही, पण पुढच्या घरी काय सांगावे हे कळते.

नवशिक्यांसाठी तीन सूचना देऊन आवरतो. पहिली, तक्त्यात माणसे मोजा, टक्के नव्हे. तरुणपणी मी स्वतः एकदा वर्गात टक्क्यांवर कसोटी लावून बसलो. वीस माणसांतले साठ टक्के आणि दोन हजारांतले साठ टक्के एकाच तागडीत पडले. एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, ‘सर, माणसे किती होती?’ त्या प्रश्नाचा मी आजही ऋणी आहे. दुसरी, एखाद्या खणातील अपेक्षित संख्या पाचाहून कमी असेल तर या कसोटीवर फारसे विसंबू नये. तिसरी, प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र असावी. एका घरात रोग शिरला की शेजारच्या अंथरुणालाही धोका असतो, म्हणून उंढेऱ्याचा २६.४ हा आकडाही काटेकोर न मानता नम्रपणेच वाचावा. सुदैवाने तेथे तुलना घरातल्या घरात होती आणि फरकही प्रचंड होता.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कसोटी सांगते की गाठ योगायोगाची दिसत नाही. ती का पडली हे सांगत नाही. तुरुंगातले आकडे आणि उंढेऱ्याचे आकडे यांतला भेद गणितात नव्हता, माणसांची वाटणी कशी केली त्यात होता. गणित तक्ता तयार झाल्यानंतर येते. प्रामाणिकपणा त्याआधी लागतो.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने देवघेवीच्या वह्या जपल्या. कोणी काय नेले, कधी परत केले, हे ज्यांनी रोज संध्याकाळी न कंटाळता लिहिले, ते सारे माझ्या लेखी संख्याशास्त्रज्ञच होत. नीट ठेवलेली नोंद नसेल तर पिअर्सन आणि फिशर दोघेही हात चोळत बसतील. त्या वह्या अशाच जपाव्यात, आणि एखाद्या विद्यार्थ्याने कधीतरी त्या उघडून चार खण आखावेत, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.