पावसात चर्च बघायला जा



जुलैत गोव्याला जायचं म्हटलं, की रायपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पावसात तिथे करणार काय?" समुद्रात उतरता येत नाही, किनाऱ्यावरचे शॅक बंद. माझं उत्तर आहे, जुन्या गोव्याची चर्च बघा. आपल्या आजोबांच्या पिढीसाठी तो परदेशच होता. 19 डिसेंबर 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. आज ही चर्च युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत, 1986 पासून. डिसेंबरात तिथे गर्दी बघायला मिळते. पावसाळ्यात इमारती बघायला मिळतात.

मी गेले तेव्हा सकाळपासून पाऊस धरून होता. अशा दिवशी एक क्रम ठेवा. आधी से कॅथेड्रल, मग समोरच्या बाजूला बॉम जेझस, शेवटी टेकडीवरचं सेंट ऑगस्टिन. चालत सगळं होतं. छत्री घ्या, चपला घसरणाऱ्या नकोत, कारण ओल्या चिऱ्यावर शेवाळ असतं. आणि आत प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा.

से कॅथेड्रल 1562 मध्ये बांधायला घेतलं. त्याला दोन मनोरे होते. एक 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. पण बाकीचं चर्च पांढरंशुभ्र उभं आहे. पाऊस त्याच्या भिंतीवर पडतो आणि ओघळून खाली जातो. बघण्यासारखं काही नाही, असं वाटतं ना? तेच लक्षात ठेवा आणि रस्ता ओलांडा.

बॉम जेझस लाल-तपकिरी. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथेच आहेत. पायाभरणी 1594 ची, 1605 मध्ये चर्च पूर्ण झालं. दर्शनी भागावरचे कोरीव खांब काळ्या दगडाचे आहेत, तो दगड थेट वसईहून आणलेला. बाकी सगळा जांभा. पावसात हा जांभा बघा. पाणी भिंतीवरून ओघळत नाही, भिंत ते पिते. दगड गडद होत जातो, खाचांमध्ये हिरवं उगवलेलं दिसतं, कडा झिजलेल्या दिसतात.

आता मुद्द्याची गोष्ट. हे चर्चही पांढरं होतं. जुन्या फोटोंमध्ये ते चुन्याच्या गिलाव्यात दिसतं. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, बाल्ताझार कास्त्रू नावाच्या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली तो गिलावा उतरवला गेला. जुनी वास्तू जुनी दिसावी, दगड दिसावा, ही तेव्हाची आवड. पोर्तुगालमधल्या कठीण दगडाच्या इमारतींना ते शोभतही असेल. पण जांभा सच्छिद्र. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत कडक होतो. तरी सतत भिजणं त्याला मानवत नाही. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून चुना. चुना भिंतीला पावसापासून झाकतो, आणि आत गेलेली ओल बाहेरही सोडतो.

इथे रायपूरकर मला विचारतात, "मग आपलं सिरपूर? लक्ष्मण मंदिराची वीट तेराशे-चौदाशे वर्षं उघडी उभी आहे की!" प्रश्न चांगला आहे. पण ती भाजलेली वीट, हा न भाजलेला चिरा. आणि आपल्याकडे वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, तिथे तीन हजारांच्या घरात. एका गावचा नियम दुसऱ्या गावाला लागत नाही. कास्त्रूंच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

शेवटी टेकडी चढा. सेंट ऑगस्टिनचं चर्च 1602 मध्ये पूर्ण झालं. 1835 मध्ये सरकारने धार्मिक संघांचे मठ बंद केले आणि ते ओस पडलं. सात वर्षांत, 1842 मध्ये, छत कोसळलं. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. 46 मीटर उंच मनोऱ्याचा उरलेला भाग आज पावसात उघडा उभा आहे. एका दिवसात तुम्ही तीन अवस्था बघता : झाकलेली भिंत, उघडी भिंत आणि पडलेली भिंत.

बॉम जेझसला पुन्हा चुना लावावा का, यावर गोव्यात वाद आहे. लाल चर्च हीच त्याची ओळख झाली आहे. पोस्टरवर, शाळेच्या पुस्तकात, लोकांच्या लग्नाच्या फोटोंत तेच आहे. तीन पिढ्यांनी पांढरं चर्च पाहिलेलंच नाही. त्यांना ते परकं वाटेल, हे मला समजतं. तरीही माझं मत चुन्याच्या बाजूने आहे. लाल रंगाला जेमतेम सत्तर वर्षं झाली. पांढरा त्याच्या कितीतरी आधीचा, आणि तो शोभेसाठी नव्हता.

आपल्या छत्तीसगडच्या गावांत मातीच्या भिंतीला छुही लावतात. ती काढा, आतली माती फार सुंदर दिसते, असं कोणी त्या घरच्या बाईला सांगून बघावं! ती काय म्हणेल ते तुम्हीच ओळखा. पण शहरात आपण तेच करतो. जुन्या घराचा गिलावा पाडून उघडी वीट दाखवायची हौस रायपुरातही आली आहे. तसं करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, की हा गिलावा कशासाठी होता. आणि जुलैत सुट्टी मिळाली, तर गोव्याचं तिकीट काढा.