शिकागोच्या शाळांचा पैसा जातो कोठे?



शिकागो हे नाव भारतातील कामगारांना परके नाही. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी त्या शहरात जे रक्त सांडले, त्यातून मे दिन उभा राहिला. त्याच शहरात गेली पंधरा वर्षे एक लढा अखंड चालू आहे आणि तो शाळांच्या फाटकांवर चालू आहे. शाळा कोणाच्या, त्यांचा खर्च कोणी भरायचा आणि तो कोठे करायचा हे कोणी ठरवायचे, असा हा वाद आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत शालेय जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. शाळा चालवण्यासाठी निर्माण केलेली ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते आणि तिला स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार असतो. हा कर मुख्यतः घरे, दुकाने, कारखाने अशा मालमत्तेवर बसतो. साहजिकच जेथे बंगले महाग, तेथील शाळा श्रीमंत. जेथे घरे ओस पडली, तेथील शाळेला छत गळते तरी थांबावे लागते. शिकागोचा शालेय जिल्हा अमेरिकेतील सर्वात मोठ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. २०२४-२५ मध्ये त्याच्या पटावर सुमारे सव्वातीन लाख मुले होती. त्यांतील बहुसंख्य गरीब घरांतील, लॅटिन अमेरिकी वंशाची किंवा कृष्णवर्णीय आहेत.

‘पैसे नाहीत’ हे उत्तर या शहरातील शिक्षकांना सव्वाशे वर्षांपासून ऐकावे लागत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळा मंडळाने याच सबबीवर पगारवाढ मागे घेतली. तेव्हा मार्गारेट हेली आणि कॅथरिन गॉगिन या दोन शिक्षिकांनी करखात्याच्या वह्या उघडून पाहिल्या. ट्राम, गॅस आणि वीज कंपन्या शहराचे रस्ते वापरण्याच्या परवान्यांवर प्रचंड नफा कमावत होत्या आणि त्या परवान्यांच्या किमतीवर करच भरत नव्हत्या. शिक्षिकांच्या संघटनेने कंपन्यांवर नव्हे, कर आकारण्याचे टाळणाऱ्या सरकारी मंडळावर खटला भरला. १९०१ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे संघराज्याच्या न्यायालयाने रक्कम घटवली. जी मिळाली तीही शाळा मंडळाने पगाराऐवजी इतर खर्चाकडे वळवली, तेव्हा शिक्षिका पुन्हा न्यायालयात गेल्या आणि पुन्हा जिंकल्या. ज्या काळात स्त्रियांना मताधिकार नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९०२ मध्ये या शिक्षिकांनी शहराच्या कामगार महासंघात प्रवेश केला. शिक्षक हा कामगार आहे काय, या चर्चेत आजही वेळ घालवणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १९९५ साली राज्याने शिकागोच्या शाळांचा ताबा महापौरांकडे सोपवला. मंडळ महापौरांनी नेमायचे, मतदारांना त्यात स्थान नाही. त्याच कायद्याने आणखी एक दार उघडले. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी जो वेगळा कर वसूल होत असे, तो सर्वसाधारण खर्चात मिसळण्याची मुभा मिळाली. पुढची सुमारे दहा वर्षे जिल्ह्याने निवृत्तिवेतन निधीत जवळजवळ काहीच भरले नाही. अंदाजपत्रक कागदावर समतोल दिसत राहिले आणि देणे वाढत गेले. इलिनॉयमधील इतर सर्व शालेय जिल्ह्यांच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा मुख्य भार राज्य सरकार उचलते. शिकागोचा भार मात्र मुख्यतः शिकागोनेच उचलायचा, असा तेथला नियम आहे. २०१७ च्या नव्या निधी कायद्याने राज्याचा वाटा काहीसा वाढला, पण विषमता संपली नाही. त्याच कायद्याच्या सूत्राप्रमाणे शिकागोला पुरेशा शिक्षणासाठी जितका पैसा लागतो, त्याच्या चार पंचमांशाहूनही कमी मिळतो. हा हिशेब राज्य सरकारचा स्वतःचा आहे!

मग बँकांचा प्रवेश झाला. २००३ ते २००७ या काळात जिल्ह्याने सुमारे १०० कोटी डॉलरचे कर्ज अशा रोख्यांतून उभारले, की ज्यांचा व्याजदर लिलावात ठरे. त्याला व्याजाच्या अदलाबदलीचे गुंतागुंतीचे करार जोडलेले होते. २००८ च्या अरिष्टात हा लिलावाचा बाजार कोसळला आणि स्वस्त म्हणून घेतलेले कर्ज महाग ठरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर जिल्ह्याला ७२ कोटी ५० लाख डॉलर साडेआठ टक्के व्याजाने उचलावे लागले.

तिसरी वाट अधिक चतुर आहे. तिला तेथे ‘टिफ’ म्हणतात. एखादा भाग मागास ठरवून तेथील मालमत्तेची करपात्र किंमत २३ वर्षांसाठी गोठवायची. त्यानंतर किमती वाढल्या, की वाढीवरील कर शाळा, उद्याने, ग्रंथालये यांच्याकडे न जाता एका स्वतंत्र निधीत जातो. या निधीच्या किल्ल्या प्रत्यक्षात महापौर व नगर परिषदेकडे असतात. योजना मागास वस्त्यांच्या नावाने आली. परंतु एप्रिल २०१९ मध्ये नगर परिषदेने लिंकन यार्ड्स आणि ‘द सेव्हन्टी-एट’ या दोन आलिशान प्रकल्पांसाठी याच मार्गाने २४० कोटी डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली. नदीकाठच्या त्या जमिनी मागास म्हणायच्या, तर मागास या शब्दाचा अर्थच नव्याने लिहावा लागेल.

ही तिहेरी गळती चालू असताना २०१३ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांच्या प्रशासनाने तुटीचे आणि कमी पटसंख्येचे कारण देऊन सुमारे ५० शाळा एकदम बंद केल्या. जवळपास १२ हजार मुलांना शाळा सोडावी लागली आणि त्यांतील दहांपैकी नऊच्या आसपास मुले कृष्णवर्णीय होती. अनेक इमारती दहा वर्षांनंतरही रिकाम्याच उभ्या होत्या.

या हल्ल्याच्या आदल्याच वर्षी शिक्षक संघटनेने बदलाची चुणूक दाखवली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षिका राहिलेल्या कॅरन लुईस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २६ हजार शिक्षक संपावर गेले. शहरातील शिक्षकांचा पंचवीस वर्षांतील तो पहिला संप होता. संप सात शालेय दिवस चालला आणि पालक बहुसंख्येने संपाच्या बाजूने राहिले. हे आपोआप घडले नाही. संघटनेने वर्गातील गर्दी, परिचारिका, ग्रंथपाल या मागण्या पगाराच्या बरोबरीने मांडल्या होत्या. २०१५ मध्ये डायेट हायस्कूल वाचवण्यासाठी पालक व कार्यकर्त्यांनी ३४ दिवस उपोषण केले आणि ती शाळा २०१६ मध्ये पुन्हा उघडली. डिसेंबर २०१८ मध्ये असेरो या संस्थेच्या शाळांतील शिक्षकांनी संप केला. सरकारी पैशावर खाजगी व्यवस्थापन चालवते, अशा ‘चार्टर’ शाळांतील तो अमेरिकेतील पहिला संप होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिक्षकांबरोबर शाळांतील साहाय्यक कर्मचारीही बाहेर पडले. अकरा शालेय दिवसांनंतर प्रत्येक शाळेत परिचारिका व समाजसेवक नेमण्याचे आश्वासन करारात लिहून मिळाले.

फळ मिळालेच नाही असे कोणी म्हणू नये. एके काळी या शहरात शंभरांतील साठ मुलेही हायस्कूल पूर्ण करीत नसत, आता ऐंशीहून अधिक करतात. हार्वर्ड व स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, साथीनंतर वाचनाच्या प्रगतीत शिकागोची मुले मोठ्या शहरांमध्ये पहिल्या क्रमांकावर आढळली. साथीच्या काळात आलेल्या सुमारे २८० कोटी डॉलरच्या केंद्रीय मदतीतून शिकवणीचे मदतनीस व जादा शिक्षक नेमता आले, हे या यशाचे एक साधे कारण आहे. ही मदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली.

अवघड भाग येथून पुढे आहे आणि तो टाळून चालणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये याच संघटनेचे संघटक व माजी शिक्षक ब्रँडन जॉन्सन महापौर म्हणून निवडून आले. लढणाऱ्यांचा माणूस खुर्चीवर बसला, तिजोरी मात्र तीच राहिली. २०२४ मध्ये त्यांच्या प्रशासनाने ३० कोटी डॉलरचे अल्पमुदतीचे कर्ज काढण्याचा आग्रह धरला. नवा वेतनकरार आणि शाळांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे १७ कोटी ५० लाख डॉलर त्यातून भागवायचे होते. जिल्ह्याचे मुख्याधिकारी पेद्रो मार्तिनेझ यांनी नकार दिला. ऑक्टोबरमध्ये महापौरांनीच नेमलेल्या मंडळाच्या सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. डिसेंबरमध्ये नव्या मंडळाने मार्तिनेझ यांना बडतर्फ केले. कामगारांचे निवृत्तिवेतन भरले पाहिजे, याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु ज्या बँकांच्या व्याजाने शाळा पोखरल्या, त्यांच्याच दारी पुन्हा जाणे हा उपाय नव्हता. मार्तिनेझ यांचा नकार या एका मुद्द्यावर बरोबर होता, मग त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवणारे कोणीही असोत. खरी जागा राज्याच्या राजधानीत होती. श्रीमंतांवर कर वाढवून शाळांचा वाटा पुरा करण्याचे तेथील काम कोणी हाती घेतले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये संपाविना चार वर्षांचा करार झाला. ९७ टक्के सभासदांनी त्याला मान्यता दिली. त्यात वर्गातील मुलांची मर्यादा, अधिक ग्रंथपाल, कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवण्याला संरक्षण अशा गोष्टी आल्या. मात्र उन्हाळ्यात ७३ कोटी ४० लाख डॉलरची तूट समोर उभी राहिली. जुलैमध्ये चौदाशेहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करण्याच्या नोटिसा गेल्या. त्यांत सर्वात मोठा गट होता विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गांतील साहाय्यकांचा, म्हणजे सर्वात कमी पगाराच्या माणसांचा. २८ ऑगस्ट रोजी मंडळाने १,०२५ कोटी डॉलरचे अंदाजपत्रक १२ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केले. कर्ज टळले. तूट भरण्यासाठी मुख्य आधार घेतला गेला तो ‘टिफ’मधील शिल्लक रकमेचा. म्हणजे शाळांचाच अडवलेला पैसा मेहेरबानी म्हणून परत आला. तो दर वर्षी येईल याची कोणतीही हमी कायद्यात नाही.

त्याच महिन्यांत वॉशिंग्टनहूनही दडपण आले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रगतीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये आखलेली योजना सोडून देण्यास आणि तृतीयपंथी मुलांविषयीचे धोरण बदलण्यास जिल्ह्याने नकार दिला, म्हणून सप्टेंबरमध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने काही शाळांचे अनुदान रोखले. स्थलांतरितांच्या धरपकडीची मोहीम शहरात सुरू झाली, तेव्हा शिक्षक व पालक शिट्ट्या घेऊन शाळांच्या रस्त्यांवर उभे राहू लागले.

रिकाम्या वर्गांचा प्रश्नही खोटा नाही. १९८० मध्ये शिकागोत सुमारे १२ लाख कृष्णवर्णीय राहत होते, २०२० मध्ये ती संख्या ८ लाखांच्याही खाली गेली. सरकारी वसाहती पाडल्या, कारखाने गेले, माणसे गेली. २०२५ मध्ये ऑस्टिन वस्तीतील एका हायस्कुलात २८ विद्यार्थी आणि २७ कर्मचारी होते. अशी शाळा चालवणे मुलांच्याही हिताचे नाही, ही गोष्ट चळवळीने मोकळेपणाने बोलली पाहिजे. ती बोलली नाही, तर २०१३ ची कुऱ्हाड पुन्हा तेच हात उचलतील. २०२७ पर्यंत शाळा बंद न करण्याचा ठराव मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये केला, त्याने थोडी उसंत मिळाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोच्या मतदारांनी इतिहासात प्रथमच शाळा मंडळाचे सदस्य निवडले. १० जागांपैकी ४ शिक्षक संघटनेच्या पाठिंब्याच्या उमेदवारांना मिळाल्या, ३ चार्टर शाळांच्या पैसेवाल्या समर्थकांच्या बाजूच्या आणि ३ अपक्षांना. उरलेले ११ सदस्य महापौरांनी नेमले. सर्व २१ जागा लोकांनी भरण्यासाठी कायद्याने नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक ठरवून दिली आहे.