संगणकाची कार्यप्रणाली : शेतकऱ्याने किती शिकावी?

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी, दूध संकलन केंद्रात, रोपवाटिकेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात संगणक आला आहे. दुधाचे फॅट, मजुरांची हजेरी, निर्यातीच्या द्राक्षबागेतील फवारणीच्या नोंदी, बँकेचे व्यवहार हे सारे त्यात असते. असा संगणक ऐन कामाच्या वेळी बंद पडला की जाणती माणसेही "आपल्याला यातले काही कळत नाही" असे म्हणून स्वतःला दोष देतात. जाणकार मंडळी तर सांगतात, की संगणक वापरायचा असेल तर त्याची कार्यप्रणाली आलीच पाहिजे. हा आग्रह कितपत योग्य आहे, याचा आज विचार करू.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये राहून काम चालवते. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, प्रिंटरकडे काम कसे पाठवायचे, हे ती पाहते. विंडोज आणि लिनक्स ही तिची संगणकावरील उदाहरणे. मोबाइलमध्ये बहुधा अँड्रॉइड असते. लिनक्सची सुरुवात फिनलंडमधील लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने १९९१ साली केली. २०२० सालापर्यंत लिनक्सच्या केवळ गाभ्याच्या ओळी अडीच कोटींच्या पुढे गेल्या होत्या. जगभरचे हजारो तज्ज्ञ मिळून तो सांभाळतात आणि त्यांतील प्रत्येकाला मुख्यतः आपापला भाग नीट ठाऊक असतो. जे तज्ज्ञांपैकी एकट्याला साधत नाही, ते दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाने साधावे ही अपेक्षा गैर आहे.

ट्रॅक्टरचेच उदाहरण घ्या. डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन आपण घरी करीत नाही. ते मेस्त्रीचे काम. परंतु सकाळी ऑइलची पातळी आणि रेडिएटरचे पाणी पाहणे, एअर क्लीनर साफ ठेवणे, टायरमधील हवा तपासणे ही कामे मालकाचीच. ती चुकली तर कितीही चांगला मेस्त्री इंजिन वाचवू शकत नाही. संगणकातही मेस्त्रीचे काम आणि मालकाचे काम अशी वाटणी आहे. मालकाचे काम थोडे आहे, पण ते दुसऱ्यावर टाकता येत नाही.

ते चुकल्यास काय होते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. संगणकातील फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले आणि रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो आत शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती विंडोजच्या निर्मात्या मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवून घेतली, त्यांच्या संगणकांत त्याला या वाटेने शिरता आले नाही. त्यासाठी कोणाला कार्यप्रणालीत पारंगत व्हावे लागले नाही.

तेव्हा संगणकाच्या मालकाने पुढील पाच गोष्टी स्वतः सांभाळाव्यात.

१) अद्यतन : कार्यप्रणालीचे अपडेट चालू ठेवावे. 'यंत्र हळू चालते' म्हणून कोणी ते बंद करून देत असेल तर तसे करू देऊ नये. चोरून उतरवलेली, 'क्रॅक' केलेली प्रत बसवून घेऊ नये. अशा प्रतीबरोबर काय आत आले, हे समजण्यास मार्ग नसतो.

२) आवृत्ती आणि मुदत : आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते वहीत लिहून ठेवावे. विंडोज ७ चे सर्वसाधारण पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज १० साठी मर्यादित काळाची मुदतवाढ योजना जाहीर झाली होती. तीत नोंदणी नसेल तर त्या तारखेनंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. मोबाइलच्या सेटिंगमध्येही अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते.

३) दुसरी प्रत : महत्त्वाच्या फाइलींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कवरील फाइलीही खंडणीखोर प्रोग्राम बिघडवू शकतो. आणखी एक प्रत घराबाहेर असावी. महिन्यातून एकदा त्यातील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बियाण्याची उगवणशक्ती आपण पेरणीपूर्वी तपासतो, त्यातलाच हा प्रकार.

४) दोन खाती : रोजच्या कामासाठी साधे खाते वापरावे. नवीन प्रोग्राम बसवण्याचे अधिकार असलेले ॲडमिन खाते वेगळे ठेवून त्याचा पासवर्ड मालकाने स्वतःजवळ ठेवावा.

५) अनोळखी मदत : 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतो' असा फोन आल्यास स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवू नये आणि ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

बाकीचे काम खुशाल जाणकाराकडे द्यावे. देताना मात्र प्रत घेतल्याची खात्री करावी, कारण 'फॉरमॅट' मारल्यावर जुन्या फाइली परत मिळतीलच असे नाही. काय बिघडले होते आणि काय बदलले, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. कलमे बांधणे प्रत्येक बागायतदाराला येत नाही, पण चांगले कलम कोणते हे तो ओळखतो. तेवढी पारख येथेही पुरते.

जुना संगणक नवीन विंडोज स्वीकारत नसेल, तर विनामूल्य मिळणारे लिनक्स हा एक पर्याय आहे. परंतु आपला प्रिंटर, हिशोबाचा प्रोग्राम आणि मराठी टंकलेखन त्यावर नीट चालते का, हे आधी पाहून मगच बदल करावा. केवळ कोणी स्तुती केली म्हणून करू नये.

ज्यांना आवड आहे अशा तरुण-तरुणींनी कार्यप्रणाली जरूर शिकावी. गटातील किंवा उत्पादक कंपनीतील दोघांना ती चांगली आली, तर सर्वांची सोय होते. दोघे म्हणण्याचे कारण असे की, एकटाच जाणणारा बाहेरगावी गेला तर काम अडते. इतरांनी आपल्याला ती येत नाही याचा संकोच बाळगू नये. मात्र नोंदी आपल्या आहेत, नुकसानही आपलेच होणार आहे. म्हणून वरील पाच कामांपैकी दुसऱ्या प्रतीचे काम तरी या आठवड्यातच करावे.